कट्ट्यावरचं नाव

भंडाऱ्याच्या बाजारात धान्याच्या एका दुकानापुढे तुम्ही उभे आहात. तोंडं उघडलेले कट्टे ओळीनं मांडलेत, प्रत्येकात पुठ्ठ्याची पाटी खोचलेली: चिन्नोर, कोलम, जय श्रीराम, एचएमटी. एचएमटीच्या कट्ट्यात तुम्ही हात घालता. दाणा बारीक, मूठ आवळली की बोटांच्या फटींतून निसटणारा. हे वाण कोणी काढलं, असं तुम्ही विचारता. दुकानदार आधी एका राइस मिलचं नाव सांगतो. मिल नाही, वाण, असं म्हटल्यावर तो जरा थांबतो. "कंपनीचंच असंन ना जी. एचएमटी म्हनजे कंपनीच होय."

तुमच्या काखेत एक फाइल आहे. तिच्यात तुम्ही स्वतः मराठीत लिहिलेला चार पानांचा खुला परवाना आहे. गेले काही महिने तो घेऊन तुम्ही तुमसर, मोहाडी, साकोली, लाखांदूर पालथं घातलंय. कोणी अवजार केलेलं असतं, कोणी बी निवडलेलं असतं. त्यांना तुम्ही सांगता, आपली युक्ती कुलपात ठेवू नका, सगळ्यांना वापरू द्या, सुधारू द्या. लिनक्सचं उदाहरण देता, विकिपीडियाचं देता. लोक मान डोलावतात, चहा पाजतात. काल मात्र लाखनीतल्या एका वेल्डिंगवाल्यानं, ज्यानं धानाच्या बांधीत चालणारं निंदणाचं एक हलकं अवजार केलंय, चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "खुलं करतो मी. पन मंग त्याच्यात माहं काय राह्यते?"

तुम्ही फाइल चाळलीत. चार पानांत याचं उत्तर नव्हतं.

म्हणून आज तुम्ही अड्याळच्या रस्त्यानं खाली येता आणि पवनीच्या अलीकडे वैनगंगेच्या काठी थांबता. पुलावरून जायचं नाही. पुलावरून गेलात तर आजच्याच पवनीत पोचाल. काठाला एक डोंगा लागलाय आणि त्यात एक म्हातारा ढिवर विडी ओढत बसलाय.

"कुठं जाता जी?"

"नांदेडला."

"मराठवाड्यातल्या?"

"नाही. नागभीडच्या पुढं, तळोधीजवळ."

"अस्सं. कोन्त्या सालच्या?"

"त्र्याऐंशीच्या."

"बसा मंग."

डोंगा सुटतो तशी वर्षंही सुटत जातात. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे विरघळतात, भिंत खचत खचत नदीच्या तळाशी जाते, २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींनी बसवलेली कोनशिलाही मातीत मिसळते. धरणाखाली गेलेली गावं वर येतात, त्यांच्या कौलांवरून पाणी निथळतं. तिकडे उत्तरेला भंडारा जिल्हा एकदम रुंद होतो, कारण १ मे १९९९ला वेगळा झालेला गोंदिया पुन्हा त्याला येऊन चिकटलाय. इकडे चंद्रपूर जिल्हा मात्र नुकताच अर्धा झालाय. गडचिरोली त्यातून निघून वर्ष होतंय. पवनीच्या घाटावर तुम्ही उतरता तेव्हा कोणाच्या तरी ओट्यावर ट्रान्झिस्टर चालू आहे आणि लोक अजून कपिलच्या विश्वचषकाबद्दलच बोलताहेत.

पवनी रोडहून छोट्या लाईनची गाडी मिळते. हीच गाडी २०१९मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद होणार आहे, पण डब्यातल्या कोणाला ते ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका. नागभीडला उतरा, पुढचं अंतर बंडीनं. दोन्ही बाजूंनी धान पिवळं पडलंय. हलक्या धानाची कापणी उरकली, भारी अजून उभं आहे. मालगुजारी तलावांच्या पाळी ओलांडत, धुऱ्यांवरून तोल सांभाळत तुम्ही नांदेडच्या शिवारात पोचता. रोवणीत आला असतात तर गुडघाभर चिखलात उभं राहावं लागलं असतं. आत्ता कापणीला धुळीवरच निभावतंय.

बांधीत एक माणूस वाकून उभा आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. चाळिशी ओलांडलेली, शाळा तिसरीपर्यंत, दलित कुटुंब, जमीन जेमतेम दीड एकराची. त्यांच्या बांधीत उभं आहे ते पटेल-३ नावाचं वाण. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातले डॉ. जे. पी. पटेल यांनी ते काढलं, म्हणून पटेल. हे नाव तेवढं लक्षात ठेवा.

इथं मला एक सांगायचंय. दादाजींना बोलतं करण्याचा मोह मी आवरणार आहे. त्या दिवशी ते स्वतःशी काय पुटपुटले, कोणाला काय म्हणाले, हे मी रचून सांगितलं तर ज्या गोष्टीबद्दल हा लेख आहे तीच मी करत असेन, म्हणजे त्यांचं काहीतरी उचलून त्यावर माझं नाव घालत असेन. त्यामुळे तुम्ही फक्त बघा.

सगळी बांधी एकसारखी आहे. त्यात तीन झाडं वेगळी आहेत. तुमच्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. दिसावीत कशी, तुम्ही धान बघताय, दादाजी लोंब बघताहेत. त्या तीन झाडांवरच्या लोंबांतला दाणा जरा पिवळसर आहे आणि बाकीच्यांहून बारीक. ते लोंब वेगळे खुडले जातात आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत जातात. मूठभरही बी नाही ते. शेजारच्या बांधीतली बाई विळा थांबवून वर बघतही नाही. शोध लागतो तेव्हा असं काही विशेष होत नाही.

आता रोज नको, वर्षातून एकदा या बांधीवर या.

१९८४च्या पावसाळ्यात ते बी बांधीच्या मधोमध पेरलेलं दिसेल, भोवती काट्यांचं कुंपण. रानडुकरं इथं नेहमीची, आणि मूठभर धान म्हणजे एका डुकराचा एक घास. पुढच्या वर्षी ती जागा थोडी वाढलेली असेल. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. दरवेळी वेगळी दिसणारी झाडं उपटून टाकायची, चांगल्या लोंबांचं बी राखायचं, पुन्हा पेरायचं. यात कसली प्रयोगशाळा नाही, पण शास्त्र पक्कं आहे. भाताचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं, परका पराग क्वचित शिरतो. म्हणून एकदा निवडलेला गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणूनच या धानाचा प्रत्येक दाणा ही त्याची पूर्ण नक्कल असते. संगणकवाल्यांच्या भाषेत, प्रोग्रॅमबरोबर त्याचा सोर्स कोडही आतच. मूठभर बी ज्याच्या हाती पडलं त्याच्या हाती अख्खं वाण पडलं. संकरित बियाण्याचं तसं नसतं. त्याचं घरचं बी पुढच्या साली तसं उगवत नाही, शेतकऱ्याला दरवर्षी दुकान गाठावं लागतं. त्या बियाण्याला कायद्याचं कुलूप लावायची फारशी गरजच नाही, कुलूप त्याच्या पोटातच असतं.

१९८८च्या सुमारास दादाजींकडे पेरायला पुरेसं बी झालंय. शेजारी येतात, बघतात, मागतात. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, बियाण्याचा व्यवहार नवा नाही. कोणी पायलीला पायली बदलतं, कोणी सवाईनं परत करायच्या बोलीवर नेतं, कोणी नुसतं मागून नेतं. बी मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये, ही इथली रीत.

तुम्ही फाइल उघडता. पहिल्याच वाक्यात लिहिलंय की शोधकर्ता याद्वारे सर्वांना आपला शोध वापरण्याची, वाढवण्याची व वाटण्याची मुभा देत आहे. तुम्ही त्या अंगणाकडे बघता. एक म्हातारी पदरात बी बांधून निघालीय. कसली मुभा देताय कोणाला? तुम्ही फाइल बंद करता. या माणसाला पटवायला तुम्ही चाळीस वर्षं मागं आलात, आणि याला पटवण्यासारखं काही उरलेलंच नाही. तसं बघितलं तर शोध वाटून टाका असं गरिबाला सांगायला आपण फार लवकर जातो. तो बहुधा आधीच वाटून बसलेला असतो.

तरी परत फिरू नका. खरी गंमत पुढं आहे.

साल १९९०. तळोधीचा बाजार. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं दादाजींकडून नेलेलं बी चांगल्या चार एकरांत लावलं, पीक जोरात आलं, आणि आता त्याच्या धानाच्या बंड्या व्यापाऱ्यापुढे उभ्या आहेत. जरा जवळ जा. व्यापारी मूठभर धान उचलतो, दोन तळहातांत रगडतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि उरलेले पांढरे दाणे उजेडात धरतो. दोन-चार दाताखाली चावतो. खूश आहे, ते लपवायचा आटोकाट प्रयत्न करतोय. मग पावती फाडायला घेतो आणि नाव विचारतो. नाव नाहीच. शेतकऱ्यानं दुसऱ्याकडून आणलेलं बी, त्या दुसऱ्यानं आपल्याच बांधीत निवडलेलं, नाव कोण ठेवणार? पण धान बिननावाचं विकलं जात नाही, पावतीवर काहीतरी लागतंच. त्या काळी चांगल्या, टिकाऊ, भरवशाच्या वस्तूसाठी सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक नाव होतं. लग्नात नवरदेवाच्या मनगटावर बांधायचं ते घड्याळ. एचएमटी.

आणि ते नाव चिकटलं. बंगळुरूच्या घड्याळ कारखान्याला याचा पत्ताही नव्हता.

तुमच्या फाइलमध्ये तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, बारीक अक्षरात एक कलम आहे: शक्य तेथे मूळ शोधकर्त्याचा उल्लेख करावा. 'शक्य तेथे.' ते तुम्हीच लिहिलंय. तळोधीच्या बाजारात उभं राहून ते परत एकदा वाचा.

आता १९९४. सिंदेवाहीचं भात संशोधन केंद्र इथून लांब नाही. ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. तिथून प्रयोगासाठी म्हणून दादाजींकडून पाच किलो बी नेलं जातं. तराजूचा काटा स्थिर होतो, पिशवी बांधली जाते. फाइल काढून मध्ये पडायची हीच वेळ, असं तुम्हाला वाटेल. पडा. काही होणार नाही. १९९४मध्ये भारतात वाणांवर हक्क सांगणारा कायदाच नाही. १९७०चा पेटंट कायदा शेतीला हात लावत नाही. जागतिक व्यापार संघटना सुरू व्हायला अजून काही महिने आहेत, आणि तिच्या अटींमुळे आपल्याला करावा लागलेला वाण संरक्षणाचा कायदा यायला २००१ उजाडायचंय. दादाजींचं या बियाण्यावर कागदोपत्री काहीच नाही. जे कागदोपत्री तुमचं नाही, त्यावर अट कशी घालणार?

चार वर्षांनी, १९९८मध्ये, विद्यापीठ एक वाण प्रसारित करतं: पीकेव्ही-एचएमटी.

विद्यापीठाची बाजू अशी, की मूळ धानात भेसळ होती, ती काढून आम्ही ते शुद्ध केलं. हे म्हणणं सरसकट उडवून लावू नये. शुद्धीकरण हे काम आहे. वेगळी झाडं हेरून काढणं, वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घेणं, पायाभूत बियाणं तयार करून ते पुढच्या साखळीत देणं, हे दीड एकरवाल्या माणसाच्या आवाक्यातलं नाही. खुल्या पद्धतीचं तत्त्वही हेच, एकानं केलेलं दुसऱ्यानं उचलावं, सुधारावं, पुढं द्यावं. त्या हिशोबानं सिंदेवाहीत वावगं काही झालंच नाही. घोडं अडलं ते नावावर. 'पीकेव्ही-एचएमटी' हे नाव फोडून बघा. पहिल्या तीन अक्षरांत विद्यापीठ आहे. पुढच्या तीन अक्षरांत घड्याळाची कंपनी आहे, जिचा या धानाशी काडीचा संबंध नाही. ज्यानं ती तीन झाडं हेरली तो सहाही अक्षरांत नाही.

आणि ज्या बांधीत हे सगळं सुरू झालं, तिच्यात कोणतं वाण उभं होतं? पटेल-३. म्हणजे वाण काढणाऱ्याचं नाव वाणाला देण्याची रीत होती. ते आडनाव विद्यापीठातल्या माणसाचं असेल तर.

माझ्या मते पैशापेक्षा हे जास्त लागणारं आहे. दादाजींनी बी विकत बसायचा धंदा मांडलाच नव्हता, तेव्हा बुडालेल्या रॉयल्टीचा हिशोब काढण्यात अर्थ नाही. वाटलेलं परत मागायचं नसतं. पण वाटलं कोणी, हेसुद्धा विसरलं जाणं वेगळं.

यावर त्यांनी काय केलं ते बघा, कारण तुमच्या फाइलचं उत्तर तिथंच आहे. ते लोंब निवडत राहिले. एकामागून एक वाणं निघत गेली: विजय नांदेड, नांदेड हिरा, नांदेड-९२, भंडाऱ्याच्या लोकांना ऐकून बरं वाटेल असं नांदेड चिन्नोर. गावाचं नाव वाणात. आणि मग एक वाण, ज्याला नाव दिलं डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे.

वकिलाला विचारलंत तर यात काय मोठं, असं म्हणेल. मला मात्र या तीन अक्षरांत एक पूर्ण परवाना दिसतो. बी घ्या, लावा, विका, तुमच्या शेजाऱ्याला द्या, कोणी अडवणार नाही. फक्त पावती फाडताना जे नाव लिहाल ते माझं असेल. एचएमटीच्या वेळी जी फट राहिली होती, ती पुढच्या वाणाच्या नावातच बुजवली.

हीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्यांनाही उमगली होती. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९मध्ये आपल्या सॉफ्टवेअरसाठी जीपीएल हा परवाना काढला. त्याची मेख अशी, की प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा, पण पुढं देताना तोच मोकळेपणा पुढच्यालाही द्यायचा आणि मूळच्या हक्कदाराचं नाव खोडायचं नाही. हे बंधन टिकतं कशावर? कॉपीराइटवर. स्टॉलमननी हक्क सोडला नाही. हक्क हातात ठेवला आणि त्याच्या जोरावर दार उघडं ठेवायला लावलं. हे नीट न समजून घेता 'सगळं मोकळं करून टाका' म्हणत हिंडणारे माझ्यासारखे आणि तुमच्यासारखे बरेच आहेत.

बियाण्याला कॉपीराइट नसतो, म्हणून तिथं प्रकरण अवघड झालं. अमेरिकेतच विस्कॉन्सिनमध्ये २०१२मध्ये काही वाण-पैदासकार आणि अभ्यासक एकत्र आले, आणि ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह उभी राहिली. कायद्याचा किचकट परवाना पाकिटावर मावेना, तेव्हा त्यांनी साध्या शब्दांतली प्रतिज्ञा छापायला सुरुवात केली. हे बी हवं तसं वापरा, पण यावर किंवा यापासून केलेल्यावर दुसऱ्याला बंदी घालू नका. जर्मनीत २०१७मध्ये 'सनविवा' नावाचं एक टोमॅटो खुल्या परवान्याखाली बाजारात आलं. आपल्याकडे तळागाळातल्या शोधांची नोंद ठेवणाऱ्या 'हनी बी नेटवर्क'चे प्रा. अनिल गुप्ता यांनी 'टेक्नॉलॉजी कॉमन्स' ही कल्पना मांडली. माणसानं माणसाची युक्ती उचलली तर खुशाल उचलावी, कंपनीला हवी असेल तर मात्र परवानगी घ्यावी आणि मोबदला द्यावा. मला हीच सगळ्यांत जास्त आपल्या मातीतली वाटते. पदरात बी बांधून नेणारी म्हातारी आणि पाच किलोची पिशवी बांधून नेणारी संस्था, दोघींना एकच नियम लावायचा नसतो, हे या कल्पनेला कळलेलं आहे.

पुढची वर्षं भराभर जातात. २००५मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींना नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार मिळतो. त्याच वर्षी दिल्लीत वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क प्राधिकरणही उभं राहतं, एचएमटीसाठी चांगली वीस वर्षं उशिरा. २०१०मध्ये 'फोर्ब्स' ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव छापतं. एव्हाना एचएमटी छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रपर्यंत गेलेलं असतं. ज्याच्या हातून ते निघालं त्याचं घर मात्र फारसं बदलत नाही. ३ जून २०१८, रविवार. गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या रुग्णालयात दादाजी गेले. तिथं थोडं थांबा. फाइल बाहेरच ठेवा.

परतीला तोच डोंगा. ढिवर काही विचारत नाही. मधल्या पाण्यात भिंत पुन्हा उभी राहते, गावं पुन्हा खाली जातात. तुम्ही गुडघ्यावर फाइल ठेवून पेनानं खाडाखोड करत बसता.

दुसऱ्या दिवशी लाखनीत. वेल्डिंगवाला गॉगल कपाळावर सरकवतो, स्टूल पुढं करतो. या खेपेला तुम्ही लिनक्सचं नाव काढत नाही. आधी वाईट बातमी सांगा: तुमच्या अवजाराचा आराखडा आज छापून खुला केलात की त्यावर दुसरा कोणी पेटंट घेऊ शकणार नाही, पण मग तुम्हालाही घेता येणार नाही. छापण्याआधी ठरवावं लागतं. कारखान्यानं मोबदला द्यावा असं वाटत असेल तर आधी पेटंटचा अर्ज, मग गावातल्या लोहाराला मुभा आणि कारखान्याला अट. ती मुदत वीस वर्षांची, खर्च आहे, खेटे आहेत. तेवढं नको असेल तर आराखडा सरळ खुला करा, मापांसकट, तारीख घालून, फोटोंसकट. पण अवजाराला नाव आजच द्या. नावाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी होते. नक्कल कोणीही करो, तुमच्या नावानं विकायची असेल तर तुम्हाला विचारावं लागेल.

तो विचारतो, "आन् बी असंन त?" त्याचा सासरा पवनीकडचा, त्याच्याकडे लाल दाण्याचं कसलंसं जुनं धान आहे. बियाण्याचं त्या मानानं सोपं आहे, तुम्ही सांगता. २००१च्या कायद्यात शेतकऱ्याला आपलं वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतं आणि शेतकऱ्याला त्याची फी नाही. वाण नोंदलेलं असलं तरी बाकीच्या शेतकऱ्यांचा बी राखायचा, पेरायचा, बदलायचा, विकायचा हक्क शाबूत राहतो. फक्त ब्रँड छापलेल्या पाकिटात घालून विकता येत नाही. म्हणजे नोंदणी केली म्हणून शेजारणीच्या पदरातलं बी काढून घ्यावं लागत नाही.

"चिन्नोरचं नाव त भंडाऱ्याचंच झालं ना आता?" झालंय. भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण ते नाव मुलखाचं असतं, कोणा एकाचं नसतं. भाव मिळायला उपयोगी, एकट्यानं काही शोधलेल्या माणसाला त्याचा आधार नाही. दोन्हीची गल्लत करू नये.

तो ऐकून घेतो. विचार करून सांगतो म्हणतो. चहा येतो. तुम्ही परवाना फाइलमध्ये परत घालताना वेल्डिंगवाल्याला त्याचं पहिलं पान दिसतं. मुभा देण्याचं वाक्य आता दुसऱ्या क्रमांकावर गेलंय. पहिल्या ओळीत एक रिकामी जागा आहे आणि तिच्या खाली लिहिलंय: शोध लावणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि साल. तिसऱ्या पानावरच्या 'शक्य तेथे' या शब्दांवर काट मारलेली आहे.

तुमच्या शिवारात असं कोणी असेल, आणि झाडीपट्टीत असतंच, तर त्याला पटवायला जाण्याआधी एवढं करा. वहीत त्याचं नाव लिहा, त्यानं काय केलं ते लिहा, तारीख घाला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. उद्या तळोधीच्या बाजारात कोणी नाव विचारलं, तर सांगायला काहीतरी असलं पाहिजे.

एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६मध्ये घेतला. तांदूळ भंडाऱ्याच्या बाजारात आजही विकला जातो, आणि कट्ट्यावर नाव अजून घड्याळाचंच आहे.